आली की गेली

१

उजवा अंगठा गुंतलाय, म्हणून बोलून ठेवतोय. मोबाईल खिशात आहे. जाता जाता रेश्मानं रेकॉर्डिंग चालू करून दिलं. मी जोतीराम, फौजेतला रिटायर सुभेदार, सिग्नलवाला. आमच्या ओढ्याकाठच्या विहिरीवर मोटारीच्या पेटीपुढं उभा आहे. पेटीला दोन बटणं असतात, हिरवं चालू करायला, लाल बंद करायला. लाल बटण मी अंगठ्यानं दाबून धरलंय. खाली विहिरीत माझा एकुलता एक पोरगा धैर्यशील कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे आणि त्याचा पाय पाइपाखाली दगडांत अडकलाय. केबलचा उघडा सांधा पाण्यात लोंबतोय. अंगठा निघाला की मोटार चालू होणार आणि पोरगा जाणार. एवढी साधी गोष्ट आहे.

रेश्मा म्हणजे माझी सून. ती पलीकडं जयराजच्या वस्तीवर माणसं आणि कुऱ्हाड आणायला पळालीय. तिला बजावलंय, दांडा कोरडा बघून आण, आधी केबल तोडायची. इथं खोलात फोनला रेंज नाही. बोलत राहिलं की अंगठा जागा राहतो, म्हणून बोलतोय. दुसरंही एक कारण आहे, ते येईलच पुढं.

तुम्ही म्हणाल, फ्यूज काढा की. फ्यूज माझ्या खिशात आहेत, तिन्हीच्या तिन्ही. मेन बंद करा म्हणाल. अहो, लाईटच नाही. शेतीची लाईट या आठवड्यात दहाला येते, अजून अवकाश आहे. बंद करण्यासारखं जे होतं ते सगळं आधीच बंद आहे. तरीपण हे बटण खालून माझ्या अंगठ्याला वर ढकलतंय, वासरानं मुसंडी मारावी तसं.

२

रोजचं काय असतं ते सांगतो.

फटफटायच्या आधी मी वरच्या माळावर जातो. गळ्यात एक डबा असतो. मलकापुरातनं पार्ट आणून मीच जोडलाय. आत बॅटरी, वर जुन्या टीव्हीच्या अँटेनाची नळी, कानाला हेडफोन. हा रेडिओ गाणी लावत नाही की बातम्या देत नाही. कुठंतरी हजार मैलांवर वीज पडते, तिचा तडाखा यात ऐकू येतो. अशा सगळीकडच्या विजा मिळून कढईत लाह्या फुटाव्यात तशी तडतड चालते. उजाडायच्या आधी मधेच 'ट्युं' वाजतं, ताणलेल्या तारेला खडा लागल्यासारखं. आणि नशिबात असली तर शीळ. वरनं खाली उतरत जाणारी लांब शीळ. ती मी जन्मात एकदाच ऐकली, लेहच्या पुढं एका पोस्टवर, फील्ड टेलिफोनच्या तारेवर. आमचे साहेब म्हणाले, विजेचा आवाज पृथ्वीला वळसा घालून परत येतो, त्याची ही शीळ. तेव्हापासून वेड लागलं ते लागलं. आपल्या बाजूला ती फार क्वचित येते म्हणतात. मग काय झालं? वाट बघायला पैसे पडत नाहीत.

या कामात वैरी एकच, लाईट. तारेत लाईट असली की कानात नुसतं घूंऽऽ, बाकी काही ऐकू येत नाही. म्हणून लाईट गेली की सगळं गाव शिव्या देतं आणि मी चपला घालतो. लोक चेष्टा करतात. "काय सुभेदार, आज वरनं काय ऑर्डर?" मी म्हणतो, "यादीत तुझं नाव हाय का बघतोय, गड्या." मग गप बसतात.

डब्याची आणखी एक खोड आहे, ती नीट ध्यानात ठेवा. जवळ माणूस आला की डब्याला कळतं. चालताना कपडे घासतात, चपला वाळल्या गवताला घासतात, त्यानं अंगावर बारीकशी वीज साठते. माणूस नळीजवळ आला की हेडफोनमध्ये खसखस होते. माशी घोंगावत गेली तरी होते. धैर्या मला चहाला बोलवायला यायचा, तेव्हा मी मागं न बघताच म्हणायचो, "आलो रं." त्याला लहानपणी वाटायचं, आबाला पाठीला डोळे आहेत.

आणि आमच्याकडची एक पद्धत. लाईट आली की ज्याला आधी कळेल तो ओरडतो, "आलीऽऽ!" मग पुढच्या वस्तीवरचा ओरडतो, मग त्याच्या पुढचा. गेली की तसंच, "गेलीऽऽ!" त्या एका ओरडण्यावर माणसं विहिरीत उतरतात, वायरी उघड्या हातानं जोडतात. कोण ओरडलं ते कोणी बघत नाही. ओळखीचाच आवाज असतो, बघायचं कशाला?

३

पहिल्यांदा झालं ते उन्हाळा लागताना. मी माळावर पाठमोरा बसलो होतो. तडतड छान स्वच्छ येत होती. मागून धैर्या म्हणाला, "आबा, आली."

मी चडफडलो. आली म्हणजे आमचा खेळ खलास. आणि तेवढ्यात कानात घूंऽऽ सुरू झालंच. डबा आवरला, वळून बघितलं तर धैर्या नव्हता. म्हटलं, मोटार बघायला पुढं गेला असेल.

खाली आलो तर वस्तीवर लाईटचा पत्ता नाही. धैर्या दारात राखुंडी लावून दात घासत उभा.

"माळावर कवा आलतास रं?"

"मी? आवं आबा, आत्ता तर उठलोय."

रेश्मा चुलीपुढनं म्हणाली, "मामा, ह्यांनी उजाडायच्या आधी माळ चढला तर सूर्य मावळतीला उगवंल." आमच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात. आम्ही तिघंही हसलो.

चहा तोंडाला लावला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. धैर्या मागं येऊन बोलला, तेव्हा खसखस झालीच नव्हती.

४

मी भुताखेताला भीक घालणारा माणूस नाही. फौजेत असलं काही बोललं तर पाठीवर दगड ठेवून पळवतात. मी पहिल्यांदा बॅटरी बदलली. मग वाटलं, दव पडलं असेल, ओली नळी बहिरी होते. मग वाटलं, साठीचे कान आहेत, भास झाला असेल. माणसाला पटवून घ्यायचं असलं की कारणं काय कमी मिळतात?

तरी मी धैर्याला माळावर नेऊन चालवला. चपला घालून, अनवाणी, ओल्या गवतातनं, उसाच्या वाड्यांची मोळी डोक्यावर घेऊन. दर वेळी खसखस.

तो वैतागला. "आबा, निसतं लेफ्ट-राइट करून घेताय. भरती तरी करा."

"गप चाल."

"कशासाठी पण?"

मी सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुझ्यासारखा बोलणारा कोणीतरी आहे आणि माझ्या डब्याला तो माणूस वाटत नाही?

थोड्याच दिवसांनी पुन्हा तेच. "आबा, आली." या वेळी मी वळलो नाही. दात आवळून बसलो आणि कान दिले. आवाज अगदी कानाशी होता. माणूस इतक्या जवळ आला तर हेडफोन काढून टाकावा लागतो, इतकी खरखर होते. नुसती तडतड चालू होती. मग खालून, विहिरीच्या अंगानं, घूंऽऽ उगवलं.

खरं सांगतो, मला भीती वाटली. पण भीती वाटली म्हणून पोस्ट सोडायची नसते. मी उठलो, डबा गळ्यात तसाच ठेवला आणि घूं जिकडं वाढेल तिकडं चालत सुटलो. माळ उतरलो, उसाच्या कडेनं आलो, ओढा ओलांडला. आवाज वाढत वाढत थेट या पेटीपाशी आला. पेटीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. कानात मात्र अशी घूं, की दाढा हलल्या.

५

वायरमन इंद्रजितला बोलावलं. त्यानं मीटर लावलं, खांबापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "सुभेदार, मेलेली तार हाय ही. हिच्यात काय बी न्हाई."

"मग मला ऐकू येतंय ते काय?"

"तुमचा डबा तपासा."

मला वाटलं, कोणी चोरून जनरेटरची लाईट उलटी सोडत असेल. सगळ्या वस्त्या पालथ्या घातल्या. कोणाकडं जनरेटर नाही. लोक माझ्याकडं बघून एकमेकांना डोळे घालायला लागले. घालेनात का.

मी ठरवलं, कारण कळो न कळो, ही विहीर बंद. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून सगळेच पेटीला ऑटो लावतात, तो मी उपटून टाकला. तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले, रात्री उशाशी घेऊन झोपायला लागलो. आणि धैर्याला सांगितलं, "विहिरीत पाय ठेवायचा न्हाई."

त्याचं माझं वाजलं. पाणी चढत नव्हतं. पाइपाच्या तळाला झडपेची जाळी असते, आमच्याकडं तिला फुटबॉलच म्हणतात. त्या फुटबॉलमध्ये शेवाळ भरलं होतं.

"आबा, ऊस वाळाय लागलाय. फुटबॉल साफ केल्याबिगर कसं व्हायचं?"

"वाळूं दे."

"लाईट नसताना उतरतो की. फ्यूज तुमच्या खिशात, मग भ्या कशाचं?"

"मी सांगंपर्यंत उतरायचं न्हाई. मी म्हणजे मी. सोताच्या तोंडानं सांगीन तवाच."

रेश्मा मधे पडली. "आवं, मामा म्हणत्यात तर ऐका की. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला लागतं."

पोरगं माझं गुणी. चडफडला, पण ऐकलं. बापाचा शब्द पाळला त्यानं. तिथंच घात झाला.

६

आज सकाळी माळावर कोणी आलं नाही. 'आली' नाही, काही नाही. सूर्य वर आला, ट्युं ट्युं थांबलं, मी उठणार एवढ्यात कानात घूं झालं. आजवर कधी नव्हतं इतकं मोठं.

मी पळालो. या वयात, डबा छातीवर आपटत, कुसळात घसरत. विहिरीवर आलो तर रेश्मा काठावर बसलेली, शेजारी न्याहारीचं गाठोडं. धैर्या खाली पाण्यात.

"कुणी सांगितलं उतराय?" मी ओरडलो.

तो वर बघून हसला. "तुमीच की! मगाशी उसातनं ओरडला न्हाई का, 'गेली रं, उतर आता'?"

मी रेश्माकडं बघितलं. तिनं मान हलवली. "व्हय मामा. मीबी ऐकलं. तुमचाच आवाज."

आणि पेटीत खट् झालं.

मी झेप घेऊन लाल बटण दाबलं. धैर्या घाबरून पायऱ्यांकडं वळला, घाईत पाइपाला धक्का बसला, पाइप सरकला आणि त्याचा पाय दगडात अडकला. रेश्मा खाली उतरून ओढून दमली. तो पाइप एकट्या बाईला हलणारा नाही. मी बटणात बाभळीची काडी खोचून बघितली. त्यासाठी अंगठा जरासा सैल केला, तर आत पट्टी थरथरली आणि खालून धैर्या "आई गं" म्हणाला. परत तो प्रयोग नाही. रेश्माला वर बोलावून जयराजकडं पिटाळलं.

तेव्हापासून मी असा उभा आहे. हेडफोन कानावर आहे, कारण डावा हातही आता पेटी धरून आहे. कानात घूं चालू आहे. म्हणजे तारेत लाईट आहे, वायरमन काही म्हणो.

७

आता ते दुसरं कारण.

रेश्मा गेल्यापासून माझ्या मागं कोणीतरी उभं आहे.

आवाज धैर्याचा आहे. "आबा, गेली. सोडा अंगठा. मी आलोय वर." परत परत तेच, शांतपणे. जवळ येऊन म्हणतो, लांब जाऊन म्हणतो. खसखस होत नाही. आणि गेली म्हणतो, तरी घूं चालूच आहे.

मी वळत नाही. वळलो तर अंगठ्यावरचा जोर कमी होईल, म्हणून वळत नाही. भीतीनं म्हणा हवं तर, भीतीनंही.

खालून धैर्या म्हणतो, "आबा, लय गार हाय पाणी."

आता मेंदू कसा असतो बघा. उभ्या उभ्या मला वाटायला लागलं, विहिरीतला तरी माझा कशावरून? पाण्यातल्या माणसाची खसखस येतच नाही, अंगावरची सगळी वीज पाणी पिऊन टाकतं. डबा इथं साक्ष देऊ शकत नाही. मागचाच माझा असला तर? खराच वर आला असला आणि मी खुळ्यासारखा उगाच हात अवघडवून घेत असलो तर?

मी खाली ओरडलो, "धैर्या, अंगठा दुखाय लागला रं."

तो म्हणाला, "दुखूं दे. पेन्शन कशाची घेताय मग?"

मला रडू आलं. खरंच आलं, लपवायचं काय त्यात. बापाची अशी चेष्टा करणारा एकच आहे जगात. मागचा एकदाही चेष्टा करत नाही.

थांबा. माणसं आली.

पाय वाजतायत. पुष्कळ पाय. रेश्माचा आवाज आहे. "मामा, आलो आमी. कुऱ्हाड आणलीया." जयराजचा आवाज, "सुभेदार, लाईट गेली हाय, केबल तोडली आमी. सोडा आता. बास झालं." कोणी तरी म्हणतंय, "घामाघूम झालंय म्हातारं, धरा त्याला."

सुटलो, असं वाटलं. अंगठा ढिला पडणारच होता.

इतकी माणसं. चपला, कपडे, गवत. हेडफोन फुटायला हवा होता खसखशीनं.

नुसती घूं आहे.

"मामा, सोडा की." रेश्मा अगदी खांद्याशी बोलतेय. खांद्याला ना ऊब लागत, ना वारा.

नाही सोडणार. ऐकू येतंय का तुम्हाला, कोण असाल ते? मी बर्फात रात्र रात्र पोस्टवर उभा राहिलोय. हा तर नुसता अंगठा आहे.

"धैर्या! वर बघ. माझ्या मागं कोण कोण दिसतंय?"

पेटी काठालाच आहे, त्याला खालून दिसतं.

"रेश्मा आली का रं? जयराज?"

"न्हाई आबा. कोण बी न्हाई आलं अजून."

"नीट बघ."

त्यानं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाला, लहानपणी तापात बोलायचा तसा, "आबा, तुमीच दोघं हाय."

"दोघं?"

"तुमी. आन् तुमच्या पाठीमागं आणखी एक तुमी. तीच टोपी हाय. ते माझ्याकडं बघून हात हलवत्यात. वर ये म्हणत्यात."

मागं आता सगळे गप झालेत. एकच माणूस श्वास घेतोय, आणि तो माझ्या श्वासाबरोबर घेतोय.

"धैर्या, माझ्या लेका, नीट ऐक. आवाजावर जाऊ नकोस. तोंडावर जाऊ नकोस. मी सांगितलं म्हणून बी काय करायचं न्हाई, कायच न्हाई. निसता हाताकडं बघत ऱ्हा."

"व्हय आबा."

"ज्याचा अंगठा पेटीवर हाय, तो तुझा बाप."